झटके थांबले, तरी आयसीयूत मुलाच्या डोक्याला वायरी का लावून ठेवतात?

हातपाय उडायचे थांबले म्हणजे मेंदूतले झटके थांबलेच असं नसतं, म्हणून. झटके बराच वेळ चाललेले असतील, डोक्याला जबर मार असेल किंवा हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालं असेल, तर अशा मुलांमध्ये बाहेरून न दिसणारे झटके बऱ्यापैकी आढळतात. मूल शांत झोपलंय असं वाटतं, फार तर पापणी किंचित फडफडते. या वायरी जोडलेल्या ईईजीच्या, म्हणजे मेंदूचे विद्युत संकेत टिपणाऱ्या तपासणीच्या, पडद्यावर मात्र टोकदार रेघा एका लयीत धावत असतात. व्हेंटिलेटरवर स्नायू शिथिल करणारं औषध चालू असेल, तर पापणीही हलत नाही.

अर्ध्या तासाचा ईईजी हे पकडेलच असं नाही. त्यामुळे वायरी साधारण 24 तास ठेवतात, मूल शुद्धीवर येत नसेल तर 48 तास किंवा जास्तही. त्यातून करंट सोडत नाहीत बरं का (ही भीती बऱ्याच जणांना असते), फक्त मेंदूचे संकेत टिपतात. चिकटवल्या जागी कातडी लाल दिसली तर नर्सना दाखवा.

टॉर्चने डोळ्यांच्या बाहुल्या पुन्हा पुन्हा बघणं, उशाची बाजू 30 अंश वर ठेवणं, ताप चढू न देणं, हेही मेंदू जपण्यासाठीच.

राउंडला डॉक्टरांना थेट विचारा: "ईईजीवर अजून झटके दिसतायत का?" आणि मुलाचा हात खुशाल धरा, हाक मारा. वायर तेवढी ओढली जाऊ देऊ नका.