पियू आला की पियू आली?

“मॅडम, घोडा झाला तरी घरात त्याला पियूच म्हणतात. मुलीचं नाव वाटतं हो. त्याच्या मनावर परिणाम तर होणार नाही ना?” वडील खुर्चीत टेकायच्या आत बोलून मोकळे झाले. आई खिडकीबाहेर बघत होती. मुलगा ९ वर्षांचा, नाव पीयूष. (ओळख पटू नये म्हणून नाव बदललंय, पण खरं लाडाचं नावही असंच, मुलीचं वाटणारं.)

प्रश्न जुनाच. मुलाला चिऊ, सोनी, बेबी म्हणणारी घरं पुष्कळ आहेत, आणि तो शाळेत जायला लागला की धास्तावणारीही. त्यांना मी सांगते ते असं : आपण मुलगा की मुलगी, हे मूल साधारण तिसऱ्या वर्षी सांगू लागतं. सहा-सात वर्षांचं होईपर्यंत केस वाढवले, कपडे बदलले तरी हे बदलत नाही, एवढी समज बहुतेकांना आलेली असते. लाडाच्या हाकेनं त्यात काही बिघडत नाही. किरण, शशी ही नावं आपण दोघांनाही ठेवतोच की. आंद्रेआ हे नाव इटलीत पुरुषाचं, इतर कितीतरी देशांत बाईचं. हॉलिवूडच्या पडद्यावरचा तो रांगडा जॉन वेन १९०७ साली जन्मला, तेव्हा त्याचं नाव मॅरियन ठेवलं होतं, तिकडे जास्त करून मुलींचं असणारं.

वडिलांना हे ऐकून बरं वाटलं. मलाही वाटलं, झालं काम. तिथेच चुकले.

पीयूषशी एकट्यानं बोलले तेव्हा तो बराच वेळ पेन्सिलीला टोक करत बसला. वर्गातल्या एका मुलानं आईची हाक ऐकली होती. तेव्हापासून हा वर्गात शिरला की दोघं-तिघं ओरडायचे, “पियू आली, पियू आली!”

मराठीची ही गंमत म्हणा किंवा खोडी. नाव बिचारं गप्प असतं, चिडवतं ते क्रियापद. मुलांना ते बरोबर सापडलं होतं. ही चिडवाचिडवी रोजची होती, त्यामुळे शिक्षिकांच्या कानावर घालायला मी आईला सांगितलं. त्यांनी ती दोन आठवड्यांत थांबवलीही.

पण पीयूषला खुपत होतं ते वेगळंच.

“बाबा आता मला पीयूष म्हणतात,” तो म्हणाला.

“मग? तेच तर नाव आहे तुझं.”

“ते रागावले की पीयूष म्हणायचे. आता रोजच म्हणतात.”

मुलाचं भलं व्हावं म्हणून वडिलांनी महिनाभर निग्रहानं पूर्ण नाव घेतलं होतं, आणि बाबा महिनाभर आपल्यावर रागावलेत असं पोराला वाटत होतं. पियू म्हणायचं की नाही यावर घरात एवढे वाद झाले, पण त्याला कुणी विचारलंच नव्हतं. वडिलांना सांगितलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला.

पुढच्या वेळी तिघांना एकत्र बसवलं आणि पीयूषलाच नियम करायला सांगितले. घरात पियू. शाळेत, मैदानावर, मित्रांसमोर पीयूष. फोनवर बोलताना मित्र शेजारी असेल तर काहीच नाही, नुसतं “अरे”.

निघताना वडील दारातून म्हणाले, “पियू, चल.”

“बाबा,” तो दबक्या आवाजात म्हणाला, “हे घर नाहीये.”