मारवा, पुरिया आणि सोहनीचे स्वर एकच, मग राग वेगळे कसे?
कोमल रिषभ (उतरलेला रे), तीव्र मध्यम (चढवलेला म), बाकी शुद्ध, पंचम (प) वर्ज्य, म्हणजे गाळलेला. तिघांचं भांडवल एवढंच. फरक कुठे रेंगाळायचं यात आहे.

मारव्यात वादी (मुख्य स्वर) रिषभ, संवादी (त्याच्या खालोखालचा) धैवत (ध) आणि षड्ज (सा) मुद्दाम लांबणीवर टाकलेला. 'नि रे ग रे' म्हणून रिषभावरच थांबून पाहा, कान सा शोधत राहतो. सूर्यास्ताची ती हुरहुर तिथूनच येते. ख्यालगायक उस्ताद अमीर खाँ यांचा मारवा यासाठी जरूर ऐका.

पुरियात गंधार-निषाद (ग-नि) प्रबळ, वावर मंद्र-मध्य (खालच्या आणि मधल्या) सप्तकात, म्हणून गंभीर. सोहनी मात्र तार षड्जाभोवती (वरच्या सा-भोवती) खेळते, आरोहात (स्वर चढताना) रिषभ गाळते, चंचल, उत्तररात्रीची. त्यामुळे नुसते आरोह-अवरोह पाठ करू नका, आधी चलन, म्हणजे रागाची स्वरांमधली चाल, ऐका.