घरात रांगणारे बाळ, मांजर आणि विस्मरण होणारी आजी असताना कपाटात डांबरगोळ्या ठेवाव्यात का? नाहीतर कापूर चालेल का?

डांबरगोळ्या ठेवू नयेत, आणि त्यांच्या जागी उघडा कापूरही ठेवू नये. डांबरगोळीतील नॅफ्थलीनमुळे रक्तातील तांबड्या पेशी फुटू शकतात. ज्यांच्या शरीरात जी-६-पी-डी हे तांबड्या पेशींना जपणारे विकर (एन्झाइम) जन्मतःच कमी असते, त्या बाळांना तर गोळ्यांत ठेवलेले कपडे किंवा दुपटी न धुता वापरल्यानेही कावीळ आणि पंडुरोग झाल्याची नोंद वैद्यकीय ग्रंथांत आहे. लक्षणे एक-दोन दिवसांनी दिसत असल्याने त्यांचा गोळीशी संबंध घरच्यांच्या ध्यानातच येत नाही. मांजराला हे रसायन कुत्र्यापेक्षा अधिक बाधते. विस्मरण झालेल्या व्यक्तीला पांढरी गोळी पेपरमिंट वाटणे अगदी शक्य आहे. कापूर नैसर्गिक म्हणून निर्धोक मानला जातो, पण लहान मुलाने पोटात घेतल्यास काही मिनिटांतच झटके येऊ शकतात, त्यामुळे देवघरातली डबीसुद्धा उंचावरच हवी. कपडे धुऊन, कडक उन्हात वाळवून, घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवले तर कसर सहसा लागत नाही.

गोळी गिळल्याचा संशय आल्यास:
- उलटी करवू नका; दूध किंवा तूपही देऊ नका, स्निग्धतेने नॅफ्थलीन लवकर शोषले जाते.
- वेष्टन घेऊन थेट रुग्णालयात जा.

मात्र बाजारातील प्रत्येक पांढरी गोळी नॅफ्थलीनची नसते, काही पॅराडायक्लोरोबेंझिनच्या असतात. त्या तुलनेने कमी विषारी असल्या, तरी लहानांच्या हाती लागू नयेतच.