मेळघाटात वाघ दिसत नाही म्हणतात. मग ताडोबा सोडून तिकडे जावं का?

वाघाचाच फोटो हवा असेल तर ताडोबाला जा, उगाच मन मारून मेळघाटात येऊ नका. १९७३-७४ मध्ये देशातले पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यांत मेळघाट होता. वाघ आहेतच. पण सातपुड्याचे चढउतार आणि दाट साग, त्यात दहा पावलांवरचा वाघही निघून जातो नि कळत नाही.

मी दर्यापूरकडचा, म्हणजे खारपाणपट्ट्यातला, जिथं जमिनीखालचं पाणीच खारं. आमच्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. प्यायला येतं ते शहानूर धरणाचं, मेळघाटातून उतरलेलं. त्यामुळे मी या जंगलाकडे आधी पाणी म्हणून बघतो. तुम्हीही तसंच बघा, जनावरं त्यानंच दिसतात.

खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या पाच नद्या तापीला जाऊन मिळतात. शहानूर, चंद्रभागा, वान या दक्षिणेला पूर्णेकडे उतरतात. पावसाळ्यात यांचा जोर बघवत नाही, पण खाली काळा खडक, पाणी फार मुरत नाही. चैत्र-वैशाखात बरीचशी पात्रं आटतात आणि डोह तेवढे उरतात. मग सांबर, रानगवे, अस्वलं, रानकुत्रे सगळ्यांना तिथंच यावं लागतं. सागाची पानं गळालेली असल्यानं नजरही लांबवर जाते. म्हणून ऊन सोसत असेल तर एप्रिल-मे गाठा. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वन विभाग पाणवठ्यांवरच्या मचाणांवर बसू देतो. त्याची नोंदणी आधी करावी लागते, आणि रात्रभर गप्प बसणं जमत असेल तरच करा.

पक्ष्यांची आवड असेल तर रानपिंगळा शोधा. शंभरहून अधिक वर्षं तो नामशेष झाला असंच सगळे समजून चालले होते. १९९७ मध्ये नंदुरबारकडे शहाद्याजवळ तो पुन्हा सापडला आणि पुढे मेळघाटातही. हा घुबडाच्या जातीचा असून दिवसा हिंडतो, त्यामुळे सकाळच्या उन्हात सागाच्या उघड्या फांद्या बघत चला. माझ्या मते याचं दर्शन वाघापेक्षा मोठं.

कोहा, कुंड, बोरी ही गावं व्याघ्र प्रकल्पासाठी जंगलातून उठवून बाहेर वसवली, त्यांच्या शेतांवर आता गवत आहे नि तिथं गवे चरतात. बघायला छान वाटतं. उठलेल्या माणसांची गाऱ्हाणी मात्र अजून मिटलेली नाहीत, तेही कोणाला तरी विचारा.

परतवाड्याहून घटांगमार्गे सेमाडोह, पुढे कोलकास. कोलकासचं विश्रामगृह सिपनेच्या वर आहे, मिळालं तर तेच घ्या. पेट्रोल परतवाड्यातच भरा आणि घरच्यांना फोनही तिथूनच करून ठेवा; पुढे रेंजचा भरवसा नाही.