शोभेची रानबदकं घरी पाळायची तर आधी मोरी बांधा

तुम्ही विचारलंय की इंदुरात बंगल्याच्या मागे पंधरा बाय वीस फुटांची जागा आहे, तिथे मँडरिन किंवा हळदीकुंकू अशी शोभेची रानबदकं पाळता येतील का, आणि पाणी किती लागेल. मी सुदामा नगरात सहा वर्षांपासून मँडरिन सांभाळतेय, म्हणून लिहिते.

हळदीकुंकू मनातून काढून टाका. ते, अडई, चक्रवाक, तलवार बदक, नकटा ही सगळी आपल्याकडची जंगली बदकं. 1972 च्या वन्यजीव कायद्याने ती पकडणं, विकणं आणि घरात ठेवणं गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कुणी पोत्यात घालून दारात आला आणि ‘घरीच अंडी उबवलीत हो ताई’ म्हणाला तरी घेऊ नका. मी अशी एक अडईची जोडी पाहिली आहे, पाय सुतळीने करकचून बांधलेले. दोन दिवस जेवण गेलं नाही मला. हळदीकुंकू बघायचंच असेल तर सकाळी लवकर सिरपूर तलावावर जा. 2022 पासून तो रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे, आणि आपल्या शहरातच आहे. दुर्बिणीतून चोचीच्या मुळाशी दोन तांबडे ठिपके आणि टोकाला पिवळा रंग दिसला, की हे नाव कुणी का ठेवलं असेल ते सांगावं लागत नाही.

मँडरिन मूळचं चीन-जपानकडचं, त्याच्यासारखंच शोभेचं वूड डक अमेरिकेचं. दोन्ही पिंजऱ्यात वाढवलेली मिळतात. पक्कं बिल घ्या, पायात पिलू असतानाच घातलेली बंद रिंग आहे का बघा. काही परदेशी पक्ष्यांची केंद्र सरकारच्या परिवेश या वेबसाइटवर नोंदणी करावी लागते. तुम्ही घेताय तो पक्षी त्या यादीत आहे का, हे वनविभागात आधीच विचारून घ्या.

आता पाणी. जागा तुमच्याकडे भरपूर आहे, खरी कसोटी पाण्याचीच. माझं टाकं सहा बाय चार फूट आणि दीड फूट खोल, म्हणजे सुमारे हजार लिटर. एका जोडीला एवढं पुरतं, पण ती जोडी ते दोन दिवसांत चहासारखं करून टाकते. बदक खाता खाता पाण्यात जातं, चोचीतलं सगळं तिथेच धुतं आणि तिथेच शिटतं. पाणी घाण राहिलं की पिसांवरचं तेल टिकत नाही, मग बदक ओलं होऊन कुडकुडतं. शिवाय उन्हाळ्यात साचलेल्या कोमट पाण्यात विषारी जंतू वाढतात, त्याने मानच लुळी पडते. मी पहिल्या वर्षी निचरा न ठेवताच टाकं बांधलं आणि बादल्या उपसून कंबर धरली. तुम्ही तळाला उतार द्या, दोन इंची पाइप आणि व्हॉल्व्ह बसवा, पाणी केळी-अळूकडे सोडा. आमच्या केळीला त्यानंतर जे घड लागले! नर्मदेचं पाणी आमच्याकडे एक दिवसाआड येतं, म्हणून बोअर किंवा मोठी टाकी नसेल तर हा नाद करूच नका. टाकं रिकामं असेल त्या दिवशीही डोकं पूर्ण बुडेल एवढं खोल घमेलं भरून ठेवा. डोळे आणि नाकपुड्या धुवायला त्यांना ते लागतंच.

खाण्यात साळ (टरफलासकट भात), बाजरी, गहू, अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं (लेयर) खाद्य, पालक, थोडी सुकट. पाव नको. आणि एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते. पहिल्याच पावसाळ्यात मी एक मादी गमावली. मक्याच्या भरड्याच्या डब्यात तळाला हिरवट गुठळी झाली होती, वास जरासा कुबट. वरचा भरडा चांगला दिसला म्हणून मी तोच घालत राहिले. मादीने खाणं सोडलं, पंख सैल टाकून कोपऱ्यात बसली आणि चौथ्या दिवशी गेली. बुरशीचं विष बदकांना कोंबड्यांपेक्षा कितीतरी जास्त बाधतं, हे मला डॉक्टरांकडून नंतर कळलं. आता जून ते सप्टेंबर मी आठ दिवसांपुरतंच दाणे आणते.

मँडरिन जमिनीवर नाही, झाडाच्या ढोलीत अंडी घालतं. त्यासाठी एक फूट रुंद, पावणेदोन फूट उंच पेटी टांगा, भोक चार इंचांचं. आतली फळी गुळगुळीत ठेवू नका, भोकापर्यंत गोणपाटाची पट्टी ठोका. मादी महिनाभर अंडी उबवते. पिलं सुकली की ती खाली उतरून हलक्या आवाजात बोलावते, आणि एक दिवसाची पिलं गोणपाटाला नखं रोवत वर चढून धपाधप खाली उड्या टाकतात. खाली पेंढा पसरून ठेवा. त्या सकाळी मी गॅस बंद करून अंगणातच बसले होते. पिलांना नुसतं कोंबडीच्या पिलांचं खाद्य देऊ नका, नायासिन हे जीवनसत्त्व कमी पडून पाय वाकतात; त्यात थोडं ब्रुअर्स यीस्ट मिसळा.

जाळी अर्ध्या इंचाची हवी, वरूनही आणि जमिनीत फूटभर गाडलेलीही. मांजर, मुंगूस आणि घूस तिन्ही येतात. मे महिन्यात टाक्यावर सावली पाहिजेच. 2020 च्या डिसेंबरअखेर इथल्या डेली कॉलेजच्या आवारात कावळे मेले आणि बर्ड फ्लू निघाला, तेव्हापासून मी कावळ्यांना दाण्यांजवळ येऊ देत नाही. आसपास मेलेले पक्षी दिसले तर हात न लावता पशुवैद्यकीय विभागाला कळवा.

आणि पावसाळ्याच्या तोंडाशी नराचे सगळे रंग झडून तो मादीसारखा करडा दिसायला लागला, तर घाबरून औषधं देऊ नका. चोच लालच राहते, तीच त्याची खूण. दसऱ्यापर्यंत रंग परत येतात.