‘अप्रभावी’ जनुकाने माणूस आजारी कसा पडतो?

प्रश्न असा आला आहे: ‘सिकलसेलचं जनुक अप्रभावी असतं असं मुलाच्या पुस्तकात वाचलं. अप्रभावी औषध म्हणजे ज्याचा गुण येत नाही ते. मग अप्रभावी जनुकाने माणूस इतका आजारी कसा पडतो? आणि अनुवंशिक बरोबर की आनुवंशिक?’

शंका रास्त आहे. ‘रिसेसिव्ह’साठी रूढ झालेला ‘अप्रभावी’ हा शब्द माझ्या मते फसवा आहे. मूळ शब्द ग्रेगोर मेंडेलचा. ब्रनोच्या मठात वाटाण्याची रोपं वाढवून त्याने जे पाहिलं ते १८६६ साली जर्मनमध्ये छापलं, आणि त्यात गुणांच्या जोडीला ‘डॉमिनिरेंड’ आणि ‘रेसेसिव्ह’ अशी नावं दिली. दुसऱ्या शब्दाचा धात्वर्थ ‘मागे सरणारा’. तो का निवडला हेही त्याने सांगितलं आहे: संकरात हे गुण मागे हटतात किंवा पार दिसेनासे होतात, आणि संकराच्या संततीत जसेच्या तसे पुन्हा उगवतात. गोल दाण्यांचा सुरकुतलेल्या दाण्यांशी संकर केला तेव्हा पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल आले. त्या रोपांना स्वपरागणाने बी धरू दिलं, तर ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले. म्हणजे जवळजवळ तिनास एक. मधल्या पिढीत सुरकुती कुठे गेली नव्हती, फक्त दिसत नव्हती. नातू थेट आज्यावर गेला असं आपण म्हणतो, त्यातला काही भाग हाच.

असं का होतं? प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची (लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांचा हिशेब थोडा वेगळा आहे, तो इथे नको). सुरकुतलेल्या वाटाण्याचं गुपित १९९० साली उलगडलं. पिष्टाच्या रेणूंना फांद्या फोडणारं एक विकर (एन्झाइम) असतं. या वाटाण्यात त्याच्या जनुकात डीएनएचा एक उपरा तुकडा घुसून जनुक मोडलं आहे. त्यामुळे पिष्ट कमी बनतं, साखर जास्त उरते, दाणा पाणी जास्त ओढतो आणि वाळताना आक्रसतो. पण एक धड प्रत असली तर तिने बनवलेलं विकर दाणा गोल राहायला पुरतं. गोलपणाने सुरकुतीला दडपलं वगैरे काही झालेलं नाही. एका प्रतीवर काम भागलं, इतकंच.

आता सिकलसेल. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरं अमिनो आम्ल येतं. आईवडील दोघांकडून असं जनुक आलं तर तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात, असह्य दुखतं, रक्त कमी होतं. एकाकडूनच आलं तर माणूस ‘वाहक’. विदर्भात आणि नंदुरबारकडे तपासणीनंतर हा शब्द घरोघर पोचला आहे. वाहक सहसा ठणठणीत असतो, म्हणून आजार अप्रभावी. पण वाहकाचं रक्त इलेक्ट्रोफोरेसिसला (विजेच्या साहाय्याने रेणू वेगळे करणाऱ्या चाचणीला) लावा: नेहमीचं आणि बदललेलं, दोन्ही हिमोग्लोबिनं वेगवेगळी दिसतात. म्हणजे त्या पातळीवर दोन्ही जनुकं सहप्रभावी! शिवाय याच एका प्रतीमुळे वाहकाला घातक मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. ज्याचा काहीच प्रभाव नाही अशा जनुकाला हे जमलं नसतं.

थोडक्यात, प्रभावी-अप्रभावी ही विशेषणं जनुकाच्या ताकदीची नाहीत. जोडीत दोन वेगळ्या प्रती आल्या की कोणता गुण दिसतो, तेवढंच ती सांगतात. ‘सिकलसेलचं जनुक अप्रभावी’पेक्षा ‘सिकलसेलचा आजार अप्रभावी पद्धतीने येतो’ हे म्हणणं जास्त नेमकं.

दुसरा एक गैरसमज याच शब्दांतून निघतो: प्रभावी म्हणजे समाजात जास्त आढळणारा. तसं मुळीच नाही. ‘ओ’ रक्तगट अप्रभावी आहे, दोन्हीकडून ओ आलं तरच तो मिळतो, तरी ओ गटाची माणसं आपल्याकडे पैशाला पासरी. उलट हाताला सहावं बोट हा गुण पुष्कळ घराण्यांत प्रभावी पद्धतीने उतरतो, पण अशी माणसं किती भेटतात? जनुक किती जणांत आहे आणि ते जोडीत कसं वागतं, हे दोन वेगळे प्रश्न.

मग शब्द कोणता वापरावा? ‘सुप्त’ मला जवळचा वाटतो, कारण त्यात ‘आहे, पण दिसत नाही’ हा अर्थ येतो. वाहकाच्या बाबतीत नेमकं तेच सांगायचं असतं. अडचण एवढीच की दोन्ही प्रती तशाच आल्या की तो गुण सुप्त राहत नाही, चांगला जागा होतो. ‘दुर्बल’ मात्र नकोच. त्याने गोंधळ दुप्पट होतो. परीक्षेत अर्थात पुस्तकातलाच ‘अप्रभावी’ लिहावा, गुण कापून घेण्यात हशील नाही.

राहिलं शुद्धलेखन. ‘अनुवंश’ला ‘इक’ लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते, जसं समाज-सामाजिक, अनुभव-आनुभविक. म्हणून ‘आनुवंशिक’ आणि ‘आनुवंशिकता’. ‘अनुवंशशास्त्र’ हा मात्र सरळ समास, तिथे ‘अ’ ऱ्हस्वच.