पीजी मारू का? आधी तपासणी करा (गाई-म्हशींच्या माजाबद्दल वाचकांचे प्रश्न)

प्रश्न: गाय संध्याकाळी माजावर आली, लगेच भरवायची (वळू दाखवायचा किंवा रेतन करायचं) का?

उत्तर: नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी. सकाळी दिसली तर संध्याकाळी. गाईत बीज सुटतं ते माज संपल्यावर साधारण 10-12 तासांनी.

प्रश्न: गाय व्याल्याला तीन महिने झाले, माज नाही. गावातला एक जण म्हणतो पीजी मारा, तीन दिवसांत येते. मारू का?

उत्तर: थांबा. दर वेळी हाच प्रश्न, फक्त गाव वेगळं. पीजी म्हणजे प्रोस्टाग्लँडिन, ते माज आणत नाही, ते अंडाशयावरचा पीतपिंड (बीज सुटल्यावर त्या जागी बनणारी गाठ) विरघळवतं, बस. आता क्रम बघा. मेंदूतून जीएनआरएच नावाचं हार्मोन सुटतं, त्यावर मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एफएसएच आणि एलएच ही हार्मोन्स सोडते, त्याने बीजपुटिका (बीज असलेला अंडाशयावरचा फोड) वाढते आणि ती इस्ट्रोजेन हे हार्मोन बनवते. गाय हंबरते, दुसरीवर उडते, काचेसारखा सोट (योनीतून येणारा चिकट स्राव) टाकते ती या इस्ट्रोजेनमुळे, आणि तेच रक्तात पुरेसं वाढलं की एलएचचा लोंढा येतो नि बीज सुटतं. त्या जागी पीतपिंड बनतो, तो प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन सोडतो, आणि ते आहे तोवर पुढचा माज लगाम घातल्यासारखा अडकून राहतो. गाभ नसेल तर 16-17 दिवसांनी गर्भाशय स्वतःच प्रोस्टाग्लँडिन सोडतं, पीतपिंड विरतो, 21व्या दिवसाच्या आसपास गाय परत माजावर. गाभ असेल तर तो इवलासा गर्भच इंटरफेरॉन टाऊ नावाचं प्रथिन सोडून हे थांबवतो.

मग पीतपिंडच नसेल तर तुमचं इंजेक्शन विरघळवणार काय? माज होऊन पाच दिवस झाले नसतील तरी उपयोग नाही, कोवळा पीतपिंड दाद देत नाही. आणि गाय गाभण असली तर गाभडते, पहिल्या चार-पाच महिन्यांत हमखास, कारण तेव्हा गाभ पीतपिंडाच्याच जिवावर असतो. "आम्ही भरवलीच नाही हो" म्हणणाऱ्यांच्या गाई पण गाभण निघतात, मोकाट वळू काय विचारून येतो का! उलट गर्भाशयात पू साठून पीतपिंड अडकला असेल तर हेच इंजेक्शन खरं औषध. यातलं काय आहे ते हात घालून किंवा सोनोग्राफी करूनच कळतं, फोनवर नाही, म्हणून डॉक्टरांना बोलवा, आणि तीन महिने वाट बघायची नव्हती, दोन महिन्यांतच दाखवायचं होतं. अजून एक, हे औषध कातडीतून अंगात जातं, घरातल्या गरोदर बाईने आणि दमा असलेल्याने त्या बाटलीला हातही लावू नये.

प्रश्न: दुकानदार माजाची पावडर देतो, आठ दिवसांत गॅरंटी म्हणतो.

उत्तर: गॅरंटी बिलावर लिहून मागा, मग बघा काय म्हणतो. व्याल्यावर दूध जास्त आणि खाणं कमी असलं की गाय अंगावरचं उतरवते, मग मेंदू एलएचचे ठोके कमी करतो आणि बीजपुटिका पिकतच नाही. तिथे पोटभर संतुलित खुराक लागतो. मिनरल मिक्श्चर चांगलंच आहे, पण रोजचं, आठ दिवसांचं नाही. गाय फारच उतरली असेल तर दाखवून घ्या.

प्रश्न: म्हैस उन्हाळ्यात माजच दाखवत नाही.

उत्तर: बऱ्याचदा मुका माज असतो, अंडाशय चालू पण लक्षणं नाहीत. पहाटे आणि रात्री बघा, सोट बघा, डुंबायला पाणी किंवा निदान फवारे द्या. तरीही नाही तर तपासणी.

प्रश्न: जुळं झालं, एक गोऱ्हा एक कालवड. कालवड ठेवू का?

उत्तर: दुधासाठी नको. दहात नऊपेक्षा जास्त अशा कालवडी वांझ निघतात, गोऱ्ह्याची हार्मोन्स पोटातच तिच्या रक्तात जातात आणि तिचं अंडाशय नीट घडत नाही. विकायचीच असेल तर आधी तपासून घ्या, आणि घेणाऱ्याला जुळ्यातली आहे हे सांगा.